दाढ कोणत्या वयात जाते?

दात काढले जातात तिथे एक नोंदवही असते. निलंग्याचे उपजिल्हा रुग्णालय घ्या, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा दंत विभाग घ्या, नाहीतर नांदेडचे दंत महाविद्यालय. रकाने जवळपास सारखेच असतात: तारीख, नाव, गाव, वय, स्त्री की पुरुष, दाताचा क्रमांक, निदान, उपचार. यातले वय आणि लिंग हे रकाने भरणाऱ्यालाही कारकुनी वाटतात. पण दाताच्या क्रमांकाशेजारी ठेवून ते वाचले, तर त्या माणसाच्या मागच्या वीस वर्षांत काय राहून गेले ते बरेचसे कळते.

त्यासाठी आधी क्रमांक वाचता यायला हवा. जगभरातले दंतवैद्य दोन आकड्यांची एक पद्धत वापरतात. तोंडाचे चार भाग करायचे: रुग्णाच्या वरच्या उजव्या भागाला १, वरच्या डाव्याला २, खालच्या डाव्याला ३ आणि खालच्या उजव्याला ४. मग मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचे. पहिले दोन पटाशीचे, तिसरा सुळा, चौथी-पाचवी उपदाढ, सहावी-सातवी दाढ आणि आठवी अक्कलदाढ. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ आणि ४८ ही खालच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ. ३१ आणि ४१ हे खालचे अगदी पुढचे दोन दात.

आता एक नोंद अशी समजा: स्त्री, वय ३८, दात ४६. दुसरी समजा: पुरुष, वय ५५, दात ३१ आणि ४१. दोन्हींपुढे 'काढला' एवढेच लिहिलेले असले, तरी या दोन अगदी वेगळ्या आजारांच्या कहाण्या आहेत.

सहाव्या वर्षीची दाढ

३६ आणि ४६ या दाढा तोंडात येतात त्या वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे त्या उगवतात. त्यांच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. मूल पहिलीत असते, पुढचे दात पडत असतात, सगळ्यांचे लक्ष तिकडे. मागे आलेली दाढ दुधाचीच आहे असे समजून चालतात. तिच्यावर काळा ठिपका दिसला, तरी 'पडायचीच आहे ती, दुसरी येईल' असे म्हणून विषय संपतो. पण तिच्या जागी दुसरी येत नाही. ती आयुष्यभराची असते.

या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात. त्यात अन्न अडकते, आणि लहान मुलाचा ब्रश तिथवर पोचत नाही. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते, आतल्या मऊ थरात कीड पसरते आणि शेवटी नसेपर्यंत पोचते. मग ठणका लागतो. महिनाभर रात्र-रात्र झोप नसते, आणि एक दिवस दुखणे आपोआप थांबते. 'बरी झाली दाढ' असे वाटते, पण प्रत्यक्षात आतली नस मेलेली असते. मुळाच्या टोकाशी पू साचत राहतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, गाल सुजतो आणि माणूस दवाखान्यात येतो.

दहाव्या वर्षी लागलेली कीड नोंदवहीत विशीत, तिशीत किंवा चाळिशीच्या उंबरठ्यावर उमटते ती अशी. किडीमुळे काढल्या जाणाऱ्या दातांत पहिली मोठी दाढ आघाडीवर असते, असे जगभरच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. कायमच्या दाढांत ती सगळ्यांत आधी येते, म्हणून सगळ्यांत जास्त दिवस मार खाते.

विशीतल्या नोंदींत आणखी एक क्रमांक डोकावतो: ३८ किंवा ४८. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसली तर ती आडवी अडकते आणि तिच्यावरची हिरडी सुजते. मग तोंड उघडेना, गिळता येईना. ही दाढ काढावी लागते ती जागेअभावी. ती निष्काळजीपणाच्या खात्यावर टाकता येत नाही. म्हणून तरुणांच्या दातांची मोजणी करताना अक्कलदाढा वेगळ्या काढल्या नाहीत, तर चित्र फसवे होते.

चाळिशीनंतर कारण बदलते

साधारण चाळीस-पंचेचाळीसपर्यंत दात जातात ते मुख्यतः किडीने. त्यापुढे हिरड्यांच्या आजाराचा वाटा वाढत जातो. हा बदल ट्रेमध्ये पडलेल्या दातावरही वाचता येतो. किडीने गेलेल्या दाढेचा माथा पोखरलेला असतो, पण मुळे लांब आणि स्वच्छ असतात. ती घट्ट बसलेली असते, काढताना तुकडे होतात, डॉक्टरांना घाम फुटतो. हिरडीने गेलेला दात मात्र वरून धडधाकट दिसतो. कुठे खड्डा नाही, कीड नाही. फक्त मुळावर काळपट-हिरवट कीटण चिकटलेले असते, आणि तो चिमट्यात धरला की फारसा त्रास न देता निघून येतो.

कीटण म्हणजे दातांवर साचलेला जिवाणूंचा चिकट थर, लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा झालेला. तो हिरडीखाली सरकतो, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. या आजाराचा डाव असा, की तो दुखत नाही. कीड तुम्हाला रात्री उठवून बसवते. हिरडीचा आजार वीस वर्षे गप्प राहतो, आणि दात हलायला लागल्यावरच माणूस आरशापुढे उभा राहतो.

खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळग्रंथीचे तोंड उघडते, म्हणून तिथे कीटण लवकर साचते. त्या दातांची मुळेही लहान आणि बारीक असतात. पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या नोंदीत ३१ आणि ४१ का येतात, ते यावरून कळते. सुळ्याचे मूळ सगळ्यांत लांब असते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात शेवटपर्यंत उरलेला दात बहुधा सुळाच असतो.

आपल्या देशात दातांची मोठी राष्ट्रीय पाहणी २००२-०३ मध्ये झाली. भारतीय दंत परिषदेने केलेल्या त्या पाहणीत ३५ ते ४४ या वयोगटात किडीचे प्रमाण ८०.२ टक्के आणि ६५ ते ७४ या गटात ८५ टक्के निघाले. वय वाढले, कीड वाढली, हे ठीकच. पण हिरड्यांच्या आजाराचे आकडे पाहा: ३५ ते ४४ वयात ८९.६ टक्के आणि ६५ ते ७४ वयात ७९.९ टक्के. म्हातारपणी हिरड्या सुधारतात की काय?

तसे नाही. हिरडी तपासायला दात लागतो. ज्या दातांभोवतीची हिरडी सर्वांत खराब होती, ते दात आधीच काढून झालेले असतात आणि मोजणीतून बाहेर पडलेले असतात. उरलेले दात त्यातल्या त्यात बरे. दात काढण्याचा वयानुसार आलेख वाचताना हे पक्के लक्षात ठेवायचे. सत्तरीपुढच्या लोकांच्या नोंदी कमी दिसल्या म्हणजे त्यांचे दात सुरक्षित आहेत असे नव्हे. काढायला फारसे उरलेलेच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या साठीपुढच्या सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात नाही.

बायकांचे दात आधी का जातात?

किडीचा त्रास स्त्रियांत अधिक आणि हिरड्यांच्या आजाराने दात गमावण्याचे प्रमाण पुरुषांत अधिक, असे बहुतेक अभ्यासांत आढळते. पहिल्या भागाची काही कारणे शरीरात आहेत. मुलींना कायमचे दात मुलांपेक्षा काही महिने लवकर येतात, म्हणजे ते तितके जास्त दिवस साखरेच्या तोंडी असतात. स्त्रियांत लाळेचा प्रवाह सरासरीने कमी असतो, आणि तोंडातले आम्ल धुऊन काढण्याचे काम लाळच करते. गरोदरपणात संप्रेरके बदलतात, हिरड्या सुजतात. उलट्यांचे आम्ल दातांवर येते, आणि थोडे थोडे पण वारंवार खाल्ले जाते.

हे आजचेच नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथल्या सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. याच लुकाच यांनी पुढे २००८ मध्ये जगभरचे पुरावे एकत्र करून एक मांडणी केली. माणूस शेती करू लागला, स्थिरावला, बाळंतपणे वाढली, आणि त्याबरोबर स्त्रियांच्या दातांतली कीड पुरुषांपेक्षा अधिक वाढली, अशी ती मांडणी आहे.

मात्र यावरून 'पोटातले बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते' असा जो समज आहे, तो खरा नव्हे. एकदा तयार झालेल्या दातातून कॅल्शियम असे काढून घेता येत नाही. तरीही बाळंतपणानंतर दात ढिले होणारच, असे गृहीत धरले जाते. मग हिरडीतून येणारे रक्त कुणी मनावर घेत नाही. शिवाय गरोदर बाईने दाताला हात लावायचा नाही, अशी घरातल्या मोठ्यांची ताकीद असते. खरे तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात दातांचे उपचार सुरक्षितपणे करता येतात, आणि गरज पडली तर दाढही काढता येते.

शरीराबाहेरचे कारण जास्त वजनदार आहे. आपल्या नोंदीतली ती ३८ वर्षांची बाई औराद शहाजानी किंवा कासार शिरसीकडच्या एखाद्या खेड्यातून आली आहे असे धरू. "लई ठणकायलीय डॉक्टरसाहेब, काढूनच टाका एकदाची," असे म्हणत ती खुर्चीत बसते. डॉक्टर म्हणतात, "मावशी, आ करा." दुखऱ्या उजव्या बाजूच्या सगळ्या दातांवर कीटणाचे जाड थर आहेत. डाव्या बाजूला तेवढे नाहीत. तिला काही विचारायची गरज नाही: कित्येक महिने ती फक्त डाव्या बाजूने भाकरी चावते आहे. घासाने घासून निघणारी बाजू थोडीफार स्वच्छ राहते, न वापरलेली बाजू भरत जाते. उजव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरट चट्टा आहे. दुखायचे थांबावे म्हणून तिने डोकेदुखीची गोळी दाढेशी धरून ठेवली होती, त्याचा तो भाजल्याचा डाग. या सगळ्या काळात पेरणी झाली, खुरपणी झाली, सोयाबीन निघाले. दवाखान्याला जायचे तर रोज बुडतो आणि सोबत कुणीतरी लागते. ही दाढ कदाचित वर्षापूर्वी भरता आली असती.

आणि मिसरी. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड मराठवाड्यातल्या अनेक बायका दात घासायला म्हणून लावतात. आधी सकाळी, मग दुपारी, मग घडीघडी. विडी-सिगारेटला हात न लावणाऱ्या घरातही तिला व्यसन कुणी म्हणत नाही. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण चुलीवर भाजलेल्या पुडीला त्याचा काय धाक? बोट जिथे फिरते तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. दुखऱ्या दाढेला मिसरीने बरे वाटते, म्हणून ती जास्त लावली जाते आणि दवाखान्याची वाट आणखी लांबते.

पुरुषांच्या बाजूला तंबाखू

२०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३५.५ टक्के पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करतात. आपल्याकडे धुरापेक्षा चघळणे फार जास्त. चुन्याबरोबर मळलेली तंबाखू गालात जिथे धरली जाते, तिथली हिरडी आणि हाड झिजते. विडी ओढणाऱ्यांत आणखी एक गोम असते. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते. धोक्याची खूणच पुसली जाते. त्यात मधुमेह असेल तर हाड अधिक वेगाने झिजते.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखूची सवय सुटलेली नाही. सुपारीमुळे तरुण मुलांच्या गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी तोंडात गेली पाहिजेत. जात नसतील तर दाढ काढण्याचा चिमटा आत नेणेच अवघड होते. तंबाखू खाणाऱ्याचा एखादाच दात अचानक हलू लागला, शेजारी न भरणारी जखम असली, किंवा काढलेल्या दाताची जागा तीन-चार आठवड्यांतही भरली नाही, तर कर्करोगाची तपासणी तातडीने करायला हवी. दात काढला आणि विषय मिटला, असे तिथे समजू नये.

नोंदवही काय सांगत नाही

इथे एक सावधगिरी. रुग्णालयात काढलेल्या दातांची संख्या म्हणजे तालुक्यातल्या आजाराची संख्या नव्हे. काही भारतीय अभ्यासांत दात काढून घेणाऱ्यांत पुरुष जास्त निघतात, काहींत स्त्रिया. यावरून कुणाचे दात वाईट हे ठरत नाही. कोण दवाखान्यापर्यंत पोचले, एवढेच कळते. स्त्रियांच्या नोंदी कमी असतील तर त्यांचे दात चांगले असतील, किंवा त्यांना यायलाच मिळाले नसेल. खासगी दवाखान्यात काढलेले दात या वहीत नसतात, आणि घरीच हलवून हलवून पाडलेले तर कुठल्याच वहीत नसतात.

दुसरी गोष्ट अशी, की दाढ काढली जाते ती फक्त आजारामुळे नव्हे. तो एक निर्णयही असतो. किडलेल्या दाढेचे रूट कॅनाल करायचे तर दोन-तीन फेऱ्या, वर टोपी बसवायची, खर्च वेगळा. त्यासाठी लातूर गाठायचे म्हटले तर निलंग्याहून सुमारे पन्नास किलोमीटर. दाढ काढणे एका फेरीत, अर्ध्या तासात उरकते. समज तर चुकीच्याच बाजूला ढकलतात. 'दात साफ केले की ढिले होतात' म्हणून माणूस कीटण काढून घेत नाही. खरे तर हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने ते फक्त झाकलेले असते. 'वरची दाढ काढली की नजर जाते' या भीतीने कुणी पू झालेली दाढ वर्षानुवर्षे ठेवतो. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत, त्यामुळे दृष्टीला काही होत नाही.

आणि एक दाढ गेली की तेवढ्यावर थांबत नाही. ४६ ची जागा मोकळी राहिली तर मागची ४७ त्या बाजूला कलते आणि वरची १६ खाली उतरू लागते. फटीत अन्न अडकते, पुन्हा कीड, पुन्हा हिरडी. चाळिशीत एक दाढ काढलेल्या माणसाच्या नावावर पन्नाशीत त्याच बाजूच्या आणखी दोन नोंदी दिसल्या, तर आश्चर्य वाटायला नको. ज्वारीची कडक भाकरी आधी सुटते, मग शेंगदाणे, मग हरभरे. भाकरी वरणात कुस्करून खाण्याचे दिवस येतात. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण हाती पैसा यायला आणि दात जायला एकच गाठ पडलेल्यांच्या अनुभवातूनच आली असणार.

हा आलेख हलवता येतो

जपानने १९८९ मध्ये एक साधे उद्दिष्ट ठरवले: ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात. वीस दातांवर माणूस जवळपास सगळे चावून खाऊ शकतो. त्या वेळी हे उद्दिष्ट गाठणारे दहात एकही नव्हते. २०१६ च्या पाहणीत ऐंशीच्या आसपासचे निम्म्याहून अधिक, ५१.२ टक्के लोक तिथे पोचले होते. दात वयामुळे पडतात, हा समज यापुढे टिकत नाही.

निलंग्यासारख्या तालुक्यात हे करायचे तर सुरुवात तीन वयांवर करावी लागेल. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात मागे आलेली कायमची दाढ पालकांना बोट लावून दाखवणे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यातल्या शाळा आणि अंगणवाडी तपासणीत दातांची कीड आहेच. दाखवून देण्यापुढे जाऊन ती दाढ वेळेत भरली गेली, तर तिशीतली ४६ ची नोंद टळेल. दुसरे वय पहिल्या बाळंतपणाचे. गरोदर बाई तपासणीला येतेच, तेव्हा एकदा तोंडात डोकावले आणि मिसरीबद्दल विचारले तर खूप काही साधते. तिसरे वय पस्तिशीचे. तेव्हा काहीच दुखत नसते, आणि नेमके तेव्हाच वर्षातून एकदा कीटण काढून घेतले तर पंचावन्नाव्या वर्षीची ३१ आणि ४१ ची नोंद लांबते.

आणि नोंदवहीत दोन रकाने वाढवावेत. 'किती दिवसांपासून दुखते?' आणि 'वेळेत आले असते तर वाचला असता का?' दोन शब्दांत भरण्यासारखी ही उत्तरे आहेत. वर्षाअखेरीस वय आणि लिंगानुसार त्यांची बेरीज केली, तर आज नुसता 'काढला' म्हणून मिटणारा आकडा बोलू लागेल. तिशीतल्या बायका किती महिने दुखणे अंगावर काढतात, कोणत्या गावांतून लोक उशिरा येतात, कोणत्या वयात चुकते आहे. ३६ आणि ४६ काढण्याचे सरासरी वय दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकले, तर तालुक्याचे दात सुधारत असल्याची ती एक खूण असेल, आणि ते मोजायला वही-पेनाशिवाय काही लागणार नाही.